पाचवी शाही : एका चिमुकल्या राज्याची गोष्ट

मित्रांनो, आधी एक छोटीशी परीक्षा. पुस्तक बंद करा आणि सांगा पाहू, बहमनी राज्य फुटलं तेव्हा त्याचे पाच तुकडे कोणते झाले?

निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही... इथपर्यंत सगळे घडाघडा सांगतात. मग थोडं अडखळून, इमादशाही. आणि पाचवी? पाचवीला डोकं खाजवावं लागतं! आमच्या उमरीच्या शाळेत मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो. उत्तर आलंच तर कुणीतरी मागच्या बाकावरून हळूच म्हणतं, "बरीदशाही." आणि पुढचा प्रश्न विचारला, की ती होती कुठं, की वर्गात एकदम शांतता!

गंमत अशी, की ही पाचवी शाही आमच्या अगदी अंगणातली. उमरी हे नांदेड जिल्ह्यातलं, मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं गाव. नांदेडमार्गे कंधारला जा, तिथून पुढं उदगीरला जा, बाजूला औशाला वळा. हे तिन्ही किल्ले एके काळी त्या शाहीचे होते. आणि तिची राजधानी म्हणजे बिदर. दामाजीपंतांच्या गोष्टीत 'बेदरचा बादशहा' येतो ना, तेच बेदर! मात्र गोष्टीतला तो बादशहा बहमनी काळातला. आपली गोष्ट त्याच्यानंतरची आहे.

दूर देशीचा मुलगा

नकाशाचं पुस्तक उघडा. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशस पर्वताच्या कुशीत जॉर्जिया नावाचा छोटासा देश आहे. फार्सी भाषेत त्याला गुर्जिस्तान म्हणत. इ. स. ११८४ ते १२१३ या काळात तामार नावाच्या राणीनं तिथं मोठ्या वैभवानं राज्य केलं. पण पुढं मंगोल आले, मग तैमूरलंगानं त्या देशावर एकामागून एक स्वाऱ्या केल्या. देश खिळखिळा झाला आणि १४९०च्या सुमारास त्या एका राज्याची तीन राज्यं झाली.

अशा धामधुमीच्या मुलखातली मुलं पकडून दूरच्या बाजारात विकली जात. असाच एक जण विकला जाऊन बिदरला पोचला. त्याचं नाव कासिम. तो वंशानं तुर्क, पण राहणारा जॉर्जियाचा, असं फिरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो. (हा फिरिश्ता लक्षात ठेवा बरं का, त्याच्याकडे आपल्याला शेवटी परत यायचं आहे.) बहमनी सुलतान तिसरा महंमदशहा यानं कासिमला विकत घेतलं.

विचार करा, ना आई, ना बाप, ना आपली भाषा बोलणारं कुणी. पण कासिम हुशार निघाला. त्याचं अक्षर सुंदर होतं, वाद्यं वाजवण्यात हात चांगला होता आणि तलवारही तो तितकीच चांगली चालवी. पैठण आणि चाकण यांच्या मधल्या मुलखात मराठे सरदारांनी बंड केलं, तेव्हा ते मोडायला कासिमला पाठवलं गेलं. त्या लढाईत साबाजी नावाचा मराठा सरदार मारला गेला. बक्षीस म्हणून सुलतानानं साबाजीची मुलगी कासिमच्या मुलाला, अमीरला, देऊन टाकली!

त्या मुलीला काय वाटलं असेल? ज्यानं वडिलांना मारलं त्याच्याच घरात सून म्हणून जायचं! तिचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलेलं नाही. एवढं मात्र लिहिलेलं आहे, की तिच्या नात्यातली जवळजवळ चारशे माणसं पुढं कासिमच्या चाकरीला आली. म्हणजे या शाहीच्या पायाचे दगड नुसते जॉर्जियाहून आलेले नव्हते. त्यात मराठी दगडही होते.

कोतवाल झाला कारभारी

आता बिदरच्या दरबारात डोकावू या. बहमनी राज्य १३४७ साली गुलबर्ग्याला सुरू झालं. पुढं राजधानी बिदरला आली. राज्याचा सगळ्यांत कर्तबगार वजीर म्हणजे महमूद गावान. त्यानं १४७२ साली बिदरला बांधलेली मदरशाची देखणी इमारत अजून उभी आहे. पण दरबारात दोन तट पडलेले. एक इथल्या दख्खनी सरदारांचा, दुसरा बाहेरून आलेल्या परदेशी सरदारांचा. एकमेकांचं बरं पाहवेना! गावानच्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचं एक खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानाला दाखवलं. सुलतानानं चौकशीसुद्धा केली नाही. १४८१ साली त्या निरपराध म्हाताऱ्या वजिराचा शिरच्छेद झाला.

एका खोट्या पत्रानं एक राज्य बुडालं म्हणा ना! पुढच्याच वर्षी सुलतानही वारला आणि अवघ्या बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर बसला. सुभेदारांनी ओळखलं, की आता मध्यभागी कुणी नाही. १४९०च्या सुमारास अहमदनगर, विजापूर आणि वऱ्हाडचे सुभेदार आपापल्या घरचे राजे झाले. तिकडे जॉर्जियाचे तुकडे पडत होते त्याच सुमाराला इकडे बहमनी राज्याचेही पडत होते. कासिमनं जन्मभूमी सोडली तरी फुटणारी राज्यं काही त्याची पाठ सोडीनात!

कासिम तोपर्यंत बिदर शहराचा कोतवाल झाला होता. औसा, उदगीर, कंधार हे किल्ले त्याच्या हाती आले होते. आणि १४९२च्या सुमारास तो राज्याचा मुख्य कारभारी झाला. झाला म्हणजे काय, सुलतानाला दुसरा इलाजच ठेवला नाही. शिक्का सुलतानाचा, हुकूम कासिमचा. एके काळी जो बाजारात विकला गेला, त्यानं सुलतानालाच मुठीत ठेवलं.

१५०४ साली कासिम वारला आणि अमीर बरीद कारभारी झाला. यानं तर कमाल केली! १५१८ साली महमूदशहा वारल्यावर त्यानं एकामागून एक चार बहमनी राजे गादीवर बसवले. नावापुरते राजे, खेळातल्या बाहुल्यांसारखे. शेवटच्या कलीमुल्लानं दिल्ली जिंकणाऱ्या बाबराकडे गुपचूप मदत मागितली. ते फुटलं आणि बिचारा जिवाच्या भीतीनं बिदर सोडून पळाला. बहमनी राज्य संपलं.

तुम्ही म्हणाल, मग अमीर स्वतःच गादीवर का बसला नाही? कारण तो धूर्त होता. बहमनी नावाची झूल पांघरलेली असेल तोवर शेजारी जरा बिचकणार. उघडउघड 'शाह' म्हटलं, की सगळे तुटून पडणार! या धूर्तपणामुळे लोकांनी त्याला नाव ठेवलं, 'दख्खनचा कोल्हा'.

खाटेसकट पळवला!

पण कोल्हाही कधी कधी सापळ्यात सापडतो. १५२९ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहानं बिदरला वेढा घातला. अमीरनं किल्ला मुलांवर सोपवला आणि स्वतः उदगीरच्या बाजूला तळ दिला. वऱ्हाडचा इमादशहा मध्यस्थी करेल अशी त्याला आशा होती.

एका रात्री विजापूरचा सरदार असदखान थोडी माणसं घेऊन त्या तळावर गेला. पाहतो तर काय! पहारेकरी नशेत गाढ झोपलेले. अमीरही तसाच. असदखानाच्या माणसांनी मग खाटच उचलली आणि चालू लागली! वाटेत अमीरला जाग आली. खाट हवेतून चाललेली, भोवती अंधार. त्याला वाटलं, आपल्याला भुतंच उचलून नेताहेत! तो ओरडायला लागला, तेव्हा असदखानानं आपली ओळख सांगितली.

पुढचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. बापाला हत्तीच्या पायी देणार असं दिसल्यावर मुलांनी बिदरचा किल्ला सोडला. पुढं आदिलशहानं बिदर अमीरला परत दिलं, पण कल्याणी आणि कंधार मला द्यायचे, या अटीवर. अमीरनं अट मान्य केली, बिदर ताब्यात घेतलं... आणि अट विसरून गेला! कोल्हाच तो.

रंगीन महाल

१५४२ साली अमीर अचानक वारला. त्याची कबर अर्धवट बांधलेलीच राहिली, ती बिदरला आजही तशीच दिसते. त्याचा मुलगा अली बरीद यानं मात्र झूल फेकून दिली आणि उघडपणे 'शाह' ही पदवी घेतली. म्हणजे खरी 'बरीदशाही' इथून सुरू!

आणि सुरुवातीलाच घोटाळा झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं अभिनंदन करायला आपला विद्वान मंत्री शाह ताहिर याला बिदरला पाठवलं. नव्या राजानं त्याचा नीट मान ठेवला नाही. झालं! निजामशहा चालून आला. मदतीच्या आशेनं अलीनं कल्याणीचा किल्ला आदिलशहाला देऊ केला. तरी औसा, उदगीर आणि कंधार गेलेच. आजोबांनी मिळवलेले तिन्ही किल्ले नातवानं घालवले. घरी आलेल्या पाहुण्याशी कसं वागावं हे आई का सांगते, ते आता कळलं ना?

राज्य आता बिदर आणि आसपासच्या मुलखापुरतं उरलं. भोवती तीन दांडगे शेजारी, अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा. बाजरीच्या ताटाएवढ्या राज्यानं वडाच्या झाडांमध्ये तगायचं कसं? अली बरीद अडतीस वर्षं तगला. आज याच्या बाजूनं, उद्या त्याच्या. १५६५ साली विजयनगरविरुद्ध तालिकोटची मोठी लढाई झाली, तेव्हा तोही दोस्तांच्या फौजेत होता. विजय सगळ्यांचा, पण मोठे वाटे मोठ्यांनीच नेले.

मग अलीनं आपलं नाव मागं ठेवायला दुसरा मार्ग धरला. बिदरच्या किल्ल्यात त्यानं रंगीन महाल सजवला. महाल लहानसाच, पण आत गेलात की बघत राहाल! काळ्याभोर दगडात मोत्याच्या शिंपल्याचे चमकते तुकडे बसवलेले, लाकडावर नाजूक कोरीव काम, भिंतींवर रंगीत फरशा. काळ्यावर चमचमतं नक्षीकाम म्हटलं की बिदरची बिदरी भांडी आठवतात ना? काळ्या धातूत चांदीची तार ठोकून केलेली ती कला आजही तिथले कारागीर करतात. भांडी काळी करायला ते बिदरच्या किल्ल्यातलीच माती वापरतात.

अलीनं स्वतःची कबरही हयातीतच बांधून घेतली. चारी बाजूंना उंच कमानी, सगळ्या उघड्या. वारा आरपार वाहतो.

शेवट

१५८० साली अली गेला आणि पुढची चाळीस वर्षं म्हणजे उतारावरची गाडी. राजे भराभर बदलले. १६०१ साली तर घरातल्याच मिर्झा अलीनं राजाला हुसकून लावून गादी बळकावली. कासिमनं बहमनींच्या घरात जे केलं, तेच आता कासिमच्या घरात घडलं.

१६१९ साली विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा बिदरवर आला. बरीदशाही त्यानं आपल्या राज्याला जोडून टाकली आणि शेवटच्या राजाला विजापूरला नेऊन नजरेखाली ठेवलं. पुढं १६५७ साली औरंगजेबानं बिदर विजापूरकडून घेतलं. १६३६ साली निजामशाही, १६८६ साली आदिलशाही, १६८७ साली कुतुबशाही, सगळ्या एकेक करून गेल्या. इमादशाही तर १५७४ सालीच गेली होती. म्हणजे पाहा, यादीतलं शेवटचं नाव इमादशाहीपेक्षा पंचेचाळीस वर्षं जास्त टिकलं!

आता फिरिश्त्याकडे

आठवतो ना फिरिश्ता? खाटेची गोष्ट, साबाजीच्या मुलीची गोष्ट, कासिमच्या जॉर्जियाची गोष्ट, सगळ्या त्यानं लिहिल्या. पण तो होता कुठं? विजापूरच्या दरबारात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या चाकरीत! ज्यानं बरीदशाही गिळली, त्याच्याच घरचं मीठ खाणारा. मग तो 'बिदरचा राजा नशेत झोपला होता' असं लिहितो, तेव्हा ते सगळं जसंच्या तसं खरं मानायचं का? गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण भांडणानंतर फक्त जिंकलेल्या मुलाला विचारलं, तर तो हरलेल्याबद्दल काय सांगेल? इतिहास वाचताना दर पानाला हा प्रश्न विचारत जा, की हे लिहितंय कोण?

आणि आणखी एक. आमच्या वर्गात नेहमी कुणीतरी विचारतं, "सर, हे आपले राजे की परके?" १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. बिदर कर्नाटकात गेलं. त्याच जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्राकडे आले आणि आता लातूर जिल्ह्यात आहेत. कंधारला त्याच्याही आधी राष्ट्रकूट राजे होते. उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. एकाच तटावर इतक्या जणांचे हात लागलेत, की आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं, हे दगडाला विचारलं तर तोही गोंधळेल. जॉर्जियाचा कासिम इथंच जगला आणि इथंच मेला. त्याची सून तर मराठीच होती.

तेव्हा येत्या सुटीत कंधारला, औशाला किंवा उदगीरला जा. जमलं तर बिदरलाही जा. कंधारच्या खंदकाशी उभे राहा, रंगीन महालातले शिंपले बघा. फक्त एक करा, खिशातला खिळा आणि खडू घरी ठेवून जा! तटावर आपलं नाव कोरायची हौस कितीतरी जणांना असते. अली बरीदनंही आपलं नाव मागं ठेवलंच की! पण त्यासाठी त्यानं महाल सजवला, कमानी उभारल्या.

आणि परत आल्यावर गुरुजींनी पाच शाह्या विचारल्या, तर पाचव्या नावाला अडखळू नका. मोठ्यानं सांगा!