फोनच्या पोटातली यादी

खर्डी स्थानकात लोकलची वाट पाहताना हातातल्या अँड्रॉइड फोनचे सेटिंग उघडावे. ‘फोनविषयी’ आणि मग ‘कायदेशीर माहिती’ असे शोधत गेले की बहुतेक फोनमध्ये एक लांबलचक यादी सापडते. कुणी ती वाचत नाही. पण कंपनीने ती हौसेने दिलेली नाही; परवान्यांची अट म्हणून द्यावी लागली आहे.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. ते फुकट मिळते, पण बिनशर्त नव्हे. त्याचा जीपीएल परवाना सांगतो : वापरा, बदला, विका, मात्र ज्याला द्याल त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, तुमच्या बदलांसकट मिळाला पाहिजे. आता चिप एकाची, सॉफ्टवेअर दुसऱ्याचे आणि खोक्यावर नाव तिसऱ्याचे. मधल्या एकानेही माहिती पुढे दिली नाही, तर शेवटचा अडकतो.

सिस्कोचे तसेच झाले. २००३ मध्ये या कंपनीने लिंक्सिस ही राउटर बनवणारी कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना घेतली. तिच्या राउटरमध्ये लिनक्स निघाले. सोर्स कोड मात्र दिलेला नव्हता. चिप ब्रॉडकॉमची होती, सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅनचे. चूक दोन पायऱ्या मागची, जबाब मात्र नव्या मालकाला द्यावा लागला. कोड खुला झाला, तरी वाद मिटला नाही. २००८ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

रुग्णालयातल्या यंत्रांमागेही अशीच साखळी असते, आणि तिथे प्रश्न केवळ परवान्याचा राहत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या फुकट मिळणाऱ्या घटकात मोठे भगदाड सापडले. तो आपल्याकडे आहे की नाही, हेच असंख्य संस्थांना सांगता येईना. त्यांनी तो मुद्दाम घेतलाच नव्हता. दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटातून तो आला होता. २०२३ पासून अमेरिकेचे एफडीए इंटरनेटला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांकडून सॉफ्टवेअरची घटकयादी मागते. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सरकारी संस्था आणि अत्यावश्यक सेवा येतात.

गावाकडचे छोटे रुग्णालय यंत्राचे हमीपत्र आणि मेकॅनिकचा नंबर जपून ठेवते. घटकयादीही खरेदीच्या वेळीच, पैसे चुकते करण्याआधी मागायला हवी. नंतर पुरवठादाराला ती आपल्या पुरवठादाराकडे मागावी लागते, आणि तो कदाचित धंद्यातच उरलेला नसतो.