संत्र्यांवर जकात, माणसांना कुंपण

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. परमुलखावर राज्य करावे की नाही, हा त्या निवडणुकीतला एक मोठा वाद होता. विरोध करणारे ब्रायन हरले, मॅकिन्ले पुन्हा निवडून आले.

हा मुलूख आला कोठून? १८९८ साली अमेरिकेने स्पेनला हरवले. भाषा होती क्यूबाच्या मुक्तीची. डिसेंबरात पॅरिसला तह झाला, तेव्हा पोर्टो रिको व ग्वाम ही बेटे अमेरिकेने घेतली आणि फिलिपिन्ससाठी स्पेनला २ कोटी डॉलर मोजले. तेथल्या रयतेला कोणी विचारले? फिलिपिनो लोकांनी आपले प्रजासत्ताक उभारले, तर १८९९ पासून त्यांच्याशीच युद्ध झाले.

सातारकरांना हा न्याय नवा नाही. १८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. शेजारचे सांगली संस्थान टिकले, पण इंग्रजांच्या छत्राखालीच. साताऱ्यात निमित्त वारसाचे होते, तिकडे मुक्तीचे. रयत दोन्हीकडे मुकीच!

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. पोर्टो रिकोची संत्री न्यूयॉर्क बंदरात उतरली, तेव्हा त्यांवर जकात घेतली गेली. व्यापारी म्हणाला, बेट आपलेच, मग जकात कसली? १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण घटनेच्या दृष्टीने तिचा पूर्ण भाग नाही. म्हणजे जमीन आपली, माणसे परकी! हा निकाल जाहीर करणारे न्यायमूर्ती होते हेन्री ब्राऊन. रेल्वेत काळ्या लोकांना वेगळा डबा ठेवणे घटनेविरुद्ध नाही, हा १८९६ चा बहुमताचा निकालही त्यांनीच लिहिला होता. घरात वेगळा डबा ठेवणारी नजरच समुद्रापार वेगळा कायदा ठेवते, बंधू-भगिनींनो!

फिलिपिन्स १९४६ साली स्वतंत्र झाले. पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७ साली नागरिकत्व मिळाले. पण बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेचा अध्यक्ष निवडण्याचा हक्क आजही नाही.

साताऱ्याच्या शाळेतला तो विद्यार्थी १९१३ साली अमेरिकेतच शिकायला गेला. ज्या कंपनीने सातारा गिळला, तिच्याच कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर त्याने १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात प्रबंध सादर केला. राज्यकर्त्याचा हिशेब रयतेनेही तपासायचा असतो, हा त्याचा धडा. झेंडा कोठवर गेला हे नकाशा सांगतो. हक्क कोठवर गेले, हे आपणच विचारले पाहिजे.