गुणवत्ता-पारख, उपभोग्य वस्तूंची

वस्तू विकत घेताना तिचा दर्जा ठरविण्याची क्रिया. गुणधर्म केव्हा कळतात, यावरून त्यांचे तीन प्रकार मानले जातात. कापडाचा रंग खरेदीपूर्वीच दिसतो. तो पक्का आहे की नाही, हे धुतल्यावर कळते. सोन्याच्या दागिन्याची शुद्धता मात्र वर्षानुवर्षे वापरूनही कळत नाही. पहिले दोन प्रकार फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये, तर तिसरा मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये मांडला.

विक्रेत्यास ज्ञात असलेली माहिती ग्राहकास नसते. त्यामुळे ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरून किंमत देऊ करतो आणि योग्य मोल न मिळाल्याने चांगला माल बाजारातून हटतो, असे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. म्हणजे पारख न झाल्याची हानी प्रामाणिक विक्रेत्यासही सोसावी लागते.

कसोटीच्या दगडावर दागिन्याचा केवळ पृष्ठभाग पारखला जातो, अंतर्भाग नव्हे. म्हणून त्रयस्थ तपासणी आवश्यक ठरते. भारतात सुवर्णालंकारांचे हॉलमार्क-मुद्रांकन २००० मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाले. जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आले. मुद्रेतील ९१६ हा अंक दर हजार भागांत ९१६ भाग सोने असल्याचे दर्शवितो.