अयोग्य

'अयोग्य' हा शब्द नेपाळीत आणि मराठीत एकच, लिपीही एकच. काठमांडूच्या वर्तमानपत्रातला 'अयोग्य लडाकू' हा शब्दप्रयोग आपल्याला कोश न उघडताही कळतो. कळत नाही ते एवढंच, की हा शिक्का ज्यांच्यावर बसला त्यांचं चुकलं काय होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांचं चुकलं होतं ते वय. शिक्का बसलेल्या ४,००८ जणांपैकी २,९७३ जण २५ मे १९८८ नंतर, म्हणजे नेपाळी पंचांगाप्रमाणे २०४५ सालच्या ज्येष्ठानंतर, जन्मलेले होते.

नेपाळचं माओवादी युद्ध १३ फेब्रुवारी १९९६ ला सुरू झालं आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने थांबलं. सुमारे १७,००० माणसं मेली. रोल्पा, रुकुमसारख्या डोंगरी जिल्ह्यांत पक्षाची मागणी साधी होती : घरटी एक माणूस. बाप मजुरीला परदेशी, थोरला भाऊ पळालेला. मग घरातून जाणार कोण? अख्खाच्या अख्खा वर्ग 'प्रशिक्षणा'साठी डोंगरात नेला जाई, काही दिवसांनी बहुतेक मुलं परत येत, काही येत नसत. पण सगळ्यांनाच ओढून नेलं असं लिहिलं तर ते अर्धसत्य होईल. बालविवाह टाळायला निघालेल्या मुली होत्या, पाणवठ्यावरून हाकलली गेलेली दलित पोरं होती. सांस्कृतिक पथकाची गाणी ऐकून मागे लागलेलेही होते. चौदा वर्षांच्या मुलीला कुणी पहिल्यांदाच 'कॉम्रेड' म्हणून बरोबरीने हाक मारली, तर तिला काय वाटलं असेल, हे आपण शहरात बसून ठरवू नये. निरोप पोचवणं, ओझी वाहणं, पहारा, स्वयंपाक ही मुलांची कामं. पुढे बंदूकही आली.

सरकारी बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. सैन्य मुलांना खबऱ्या म्हणून वापरी, संशयावरून कोठडीत टाकी. काभ्रे जिल्ह्यातली १५ वर्षांची एक मुलगी फेब्रुवारी २००४ मध्ये लष्कराच्या ताब्यात छळाने मेली. तीन अधिकाऱ्यांना जन्मठेप झाली ती २०१७ मध्ये, तीही त्यांच्या गैरहजेरीत. या देशाने बालहक्क करार १९९० मध्येच मान्य केला होता. आणि त्यानंतर केलेल्या स्वतःच्या बालक कायद्यात बालपणाची मर्यादा सोळा वर्षांवर ठेवली होती! ती अठरावर गेली २०१८ मध्ये.

करारानंतर माओवादी लढवय्ये सात मुख्य छावण्यांत आणि एकवीस उपछावण्यांत जमले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने एकेकाला समोर बसवून वय विचारलं. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख हेडमास्तरांनी १ जून करून टाकली. ते आठवलं की या कामातली पंचाईत कळते. जन्माचा दाखला नाही, मग कितवीत होतास, गावात तो हल्ला झाला तेव्हा केवढा होतास, असे प्रश्न. वय वाढवून सांगा, असं काही मुलांना वरून बजावलेलंही होतं. नोंद झालेल्या ३२,००० हून अधिकांपैकी ८,६४० जण पडताळणीला आलेच नाहीत. १९,६०२ 'योग्य' ठरले. उरलेले ४,००८ अयोग्य : अल्पवयीन, आणि युद्धबंदीनंतर भरती झालेले १,०३५.

युद्धबंदीनंतर भरती कशाला? उत्तर माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनीच दिलं. शक्तिखोरच्या छावणीतल्या जानेवारी २००८ मधल्या भाषणाची चित्रफीत पुढच्या वर्षी बाहेर आली. तीत ते कार्यकर्त्यांना सांगतात, की खरे लढवय्ये सात-आठ हजारच होते, आकडा फुगवून दाखवला. वाटाघाटीत डोकी मोजली जाणार होती; पोरांची डोकीही त्यात चालली.

पडताळणी २००७ अखेर संपली. मुलं बाहेर पडली २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत. मधली दोन वर्षं ती छावणीतच, राजकारणाच्या घासाघिशीत. सुटकेच्या वेळी सुमारे २,४०० जण हजर होते, बाकीचे आधीच पांगले होते. वाढलेल्या वयाच्या या मुलांपुढे चार पर्याय ठेवले : शाळा, हातचा व्यवसाय, आरोग्यसेवेचं शिक्षण किंवा छोटा धंदा. रोख रक्कम नाही. दोन वर्षांनी 'योग्य' लढवय्यांना स्वेच्छानिवृत्तीचे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. मला हा हिशोब सगळ्यात बोचतो. ज्याने खरं वय सांगितलं तो शिवणकाम शिकायला गेला; ज्याचं खोटं खपलं त्याच्या हाती चेक. संयुक्त राष्ट्रांचा हेतू चांगलाच होता : मूल सैनिक असूच शकत नाही, म्हणून ते यादीतून वगळायचं. पण वगळलेल्याच्या कपाळी कोणता शब्द येईल, याचा विचार कुणी केला नाही. गावात 'अयोग्य' म्हणजे पक्षालाही नको झालेला.

मुलींचं अधिक कठीण. पक्षात 'जनवादी विवाह' होत, जात न बघता. कडेवर मूल घेऊन परतलेल्या सुनेला सासरने जात विचारली, माहेरने अब्रू. २००८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४१ माजी बालसैनिकांची तुलना त्याच भागातल्या, कधीच भरती न झालेल्या १४१ मुलांशी केली होती. आघातोत्तर तणावाची लक्षणं पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात २० टक्के. युद्धात प्रत्यक्ष काय सोसलं हे वजा करून पाहिलं, तरी मुलींमधला फरक उरलाच. म्हणजे परतल्यानंतरही काहीतरी घडत होतं.

पश्चिम नेपाळातल्या अछाम, बाजुरा भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला येतात. सीमा उघडी, पासपोर्ट लागत नाही. युद्धाच्या वर्षांत दोन्ही बाजूंची भरती आणि झडती चुकवायला निघालेली पोरंही त्याच वाटेने आली. आपल्या सोसायटीच्या दारातल्या तरुणाला आपण 'बहादूर' म्हणून मोकळे होतो. नाव विचारत नाही. तो कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या साली आला, हे तर दूरच.

२०१२ मध्ये माओवादी पक्षाचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या बालसैनिक वापरणाऱ्यांच्या यादीतून निघालं. प्रचंड तीनदा पंतप्रधान झाले. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी जाहीर सभेत पाच हजार मृत्यूंची जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली. सुटलेली मुलं मात्र मोर्चे काढत राहिली, आणि नुकसानभरपाईच्या बरोबरीने त्यांचं एक मागणं कायम होतं : तो शब्द काढा. त्यांच्या संघटनेचा नेता लेनिन बिष्ट, स्वतः माजी बालसैनिक, २०१८ मध्ये थायलंडमधल्या एका परिषदेला निघाला होता. काठमांडूच्या विमानतळावर त्याला अडवलं, आणि विमान त्याच्याविना गेलं.