एवढी माणसं असताना यंत्र कशाला?

गैरसमज : १४० कोटींच्या देशात रोबोची, यंत्राची गरजच काय?

नशिराबाद-जळगाव पट्ट्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की वैताग येतो. बोलणारा पुढच्याच दमात कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून रडतो! अहो, देशाची डोकी मोजून शेतातलं काम उरकत नाही. बोंडं फुटतात त्या आठवड्यात, परवडेल त्या मजुरीत किती हात मिळतात, ते मोजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर (दर बाईमागे सरासरी मुलं) १.७ निघाला, लोकसंख्या टिकायला सुमारे २.१ लागतो. त्यात तरणी पोरं पुणे-सुरतेला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार शोधणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी २०२२ साली अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवलं, की मध्यमवयीन कामगारांच्या तुलनेत वयस्क वाढले की रोबो जास्त येतात. लोकसंख्या किती यापेक्षा ती कोणत्या वयाची, हे महत्त्वाचं.

म्हणून मजूर घटले की यंत्र येतंच, असंही नाही. आपल्याकडे कापसाची बोंडं एकदम फुटत नाहीत. तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. बाई फुटलेलं बोंड तेवढं वेचते, कच्चं झाडावर ठेवते. यंत्राला मात्र बुटकी, ठरावीक अंतरावरची, एकाच वेळी फुटणारी झाडं हवीत. म्हणून मजुरांच्या टोळ्या अजून सातपुड्यातून आणाव्या लागतात. उलट डाळ मिलमधलं सॉर्टेक्स बघा. पडत्या दाण्याला कॅमेरा टिपतो, डागी दाणा हवेच्या झोतानं बाजूला उडतो. तिथे मजुरांच्या टंचाईपेक्षा वेग आणि एकसारखा माल, हे कारण मोठं.

आणखी काही गैरसमज : रोबो म्हणजे चालता-बोलता पुतळा? कारखान्यातला रोबो बहुधा नुसता यांत्रिक हात असतो.

भारतात रोबो येतच नाहीत? आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये ८,५१० नवे बसले. सर्वाधिक वाहन उद्योगात.

रोबोंनी दक्षिण कोरियात बेकारी माजवली? तिथे कारखान्यांतल्या दर १०,००० कामगारांमागे १,०१२ रोबो होते, तेव्हा (२०२३) बेकारी तीन टक्क्यांच्या आत होती.

यंत्रानं कुणाचंच नुकसान होत नाही? होतं. डाळ निवडणाऱ्या बाईला सॉर्टेक्स चालवायची नोकरी आपोआप मिळत नाही. भांडायचंच तर तिला ते काम शिकवणार कोण, यावर भांडा.