नावे पाच, मूळ एकच

सणासुदीला चार घरची माणसे जमली की ऊस आणि पाऊस ह्यांच्या गोष्टी मागे पडतात आणि शेअरांच्या गोष्टी निघतात. कोणाला निवृत्तीची एकरकमी रक्कम मिळालेली असते, कोणाची बँकेतील मुदत ठेव संपलेली असते, तर कोणी वडिलोपार्जित उसाचा तुकडा विकलेला असतो. मग हमखास विचारले जाते, "कोणता शेअर घ्यावा?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की आपल्या घराची मिळकत आज कशावर उभी आहे?

पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका गावात माझ्या ओळखीचे एक कुटुंब आहे. थोरला मुलगा एका हॉटेलात स्वयंपाकघरात, सून दुसऱ्या हॉटेलात स्वागतकक्षात, आणि धाकट्याची टॅक्सी विमानतळ ते किनारा अशी धावते. वडिलांनी निवृत्तीच्या रकमेतून तीन हॉटेल कंपन्यांचे शेअर घेतले होते. त्यांचे म्हणणे असे, की हा धंदा आम्हांला घरच्यासारखा ठाऊक आहे. म्हणणे खोटे नव्हते. परंतु मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बेटाच्या सीमा बंद झाल्या, आणि पूर्णपणे उघडल्या त्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी. सरकारच्या वेतनसाहाय्य योजनेमुळे पगार अगदीच बुडाले नाहीत, पण वरकड मिळकत गेली, टॅक्सी दारात उभी राहिली, आणि ज्या शेअरांनी अशा वेळी हात द्यायचा त्यांचा लाभांशही थांबला. पैसा तीन कंपन्यांत होता; प्रत्यक्षात तो एकाच विमानाच्या वाटेवर बसला होता.

आपला शेअरबाजार तसा तरुण आहे. पोर्ट लुईत ५ जुलै १९८९ रोजी तो सुरू झाला, तेव्हा त्यात अवघ्या पाच कंपन्या होत्या. रोजचे व्यवहार १९९७ सालापासून होऊ लागले. २००६ साली लहान व वाढत्या कंपन्यांसाठी दुसरा विभाग निघाला, त्याला आपण डेम म्हणतो. आज यादी बरीच लांब आहे आणि ती पाहून माणसाला वाटते, पाच-सहा नावे उचलली की झाली विभागणी.

येथेच खरी मेख आहे. समजा एखाद्याने सिएल, सन लिमिटेड, आयबीएल, लक्स आयलंड रिसॉर्ट्स आणि आल्तेओ असे पाच शेअर घेतले. कागदावर पाच कंपन्या. पण सन ह्या हॉटेल कंपनीत सिएलचा मोठा वाटा आहे, लक्समध्ये आयबीएलचा आहे, आणि साखरेच्या आल्तेओमध्ये तर दोघांचाही आहे. म्हणजे हॉटेलांचा धंदा बसला तर धक्का एकदा सनमधून लागतो आणि पुन्हा सिएलमधून; एकदा लक्समधून आणि पुन्हा आयबीएलमधून. हे समूह वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे कापड, दवाखाने, दुकाने असे इतरही धंदे आहेत, आणि पुष्कळांना समूहाचा एकच शेअर घेणे सोयीचे पडते. मात्र समूह आणि त्याचीच कंपनी असे दोन्ही घेऊन आपण दोन निरनिराळ्या गोष्टी घेतल्या असे समजू नये.

साखरेचेही असेच. युरोपने दिलेला हमीभाव २००६ पासून टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला गेला आणि जुना साखर करार २००९ साली संपला. साखर कंपन्या चिपाडापासून वीज करतात आणि जमिनी पाडून बंगले विकतात. वीज हा स्थिर धंदा आहे. पण बंगल्यांचे गिऱ्हाईक पुष्कळदा परदेशी असते, तेव्हा तेथेही पाहुण्यांच्या येण्याजाण्याचा संबंध आलाच. ज्यांच्या घरी अजून दोन-चार आर्पां ऊस आहे त्यांनी तर साखरेचा शेअर घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे, की साखर आपल्याकडे आधीच आहे.

मालक एकच असला म्हणजे काय होते हे २०१५ साली आपण पाहिले. ब्रामर बँक, बीए इन्शुरन्स, कोर्ट्सची दुकाने, इफ्रामॅकच्या मोटारी, अपोलो ब्रामवेल रुग्णालय: बँक, विमा, व्यापार, आरोग्य, सारी क्षेत्रे वेगवेगळी, पण समूह एक, बीएआय. त्या एप्रिलमध्ये बँकेचा परवाना रद्द झाला आणि पाहता पाहता सारा समूहच हलला. विम्याच्या योजनेत आयुष्याची बचत घातलेली कितीतरी माणसे हवालदिल झाली. तेव्हा क्षेत्र पाहावे, तसा मालकही पाहावा.

आता थोडे गणित करू. मास्तर म्हणजे फळा आलाच. दोन लाख रुपये चार हॉटेल कंपन्यांत सारखे घातले आणि भाव निम्म्यावर आले, तर एक लाख उरतात. ते परत दोन लाख व्हायला भाव दुप्पट झाले पाहिजेत. तेच दोन लाख ४०,००० च्या पाच वाट्यांत घाला: हॉटेल, बँक, खाद्यपेये, साखर-जमीन, आणि पाचवा वाटा मुदत ठेवीत. हॉटेल निम्म्यावर आले, २०,००० गेले. बाकीचे तीन शेअर पाचव्या हिश्शाने उतरले असे धरा, आणखी २४,००० गेले. ठेव तशीच. हाती १,५६,००० उरले. मुळावर येण्यास सुमारे २८ टक्क्यांची वाढ पुरे.

बँकेविषयी एक शब्द. आपल्या बाजारात एमसीबी इतकी मोठी आहे, की निर्देशांक वर गेला ह्याचा अर्थ पुष्कळदा एमसीबी वर गेली एवढाच असतो. १८३८ सालची ही बँक. अनेक घरांत तिचे शेअर आजोबांच्या काळापासून पडून आहेत आणि वाढत वाढत साऱ्या बचतीच्या तीन-चतुर्थांश झाले आहेत. विकण्याचे कोणाच्या जिवावर येते. शिवाय हॉटेलांना कर्ज देणाऱ्या बँकाच, म्हणून २०२० साली त्यांचेही भाव पडले. मी तरी कोणताही एक शेअर एकूण बचतीच्या चौथ्या हिश्शावर जाऊ देणार नाही, मग तो कितीही भरवशाचा असो. नवा लाभांश व नवी बचत दुसरीकडे वळवली, तर जुने न विकताही प्रमाण हळूहळू सुधारते.

मुलांची एक जुनी वही घ्या आणि तीन रकाने आखा: कंपनीचे नाव, तिची मिळकत कोठून येते, मोठा भागधारक कोण. उत्तरे वार्षिक अहवालात असतात. अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड असतो हे खरे, पण वाचायची पाने दोनच: विभागवार उत्पन्नाचे पान आणि भागधारकांच्या यादीचे पान. लिसेमध्ये जाणारी मुलगी ती दोन पाने अर्ध्या तासात समजावून सांगू शकते. चौथा रकाना आपल्या घराचा ठेवा: पगार कोठून, जमीन कशाची, मुलगा कोठे नोकरीला. त्यात जे क्षेत्र दोनदा आले असेल, त्याचा शेअर घेताना हात आखडता ठेवावा.

आणि आपला बाजार लहान आहे हेही ध्यानात असू द्या. डेमवरील काही शेअरांना दिवसच्या दिवस गिऱ्हाईक मिळत नाही. दलालाला आज सांगितले म्हणजे आजच पैसे हाती येतील असे नाही. म्हणून मुलीच्या लग्नाचे किंवा पुढच्या वर्षीच्या विद्यापीठाच्या फीचे पैसे ह्या वाटणीत मुळी धरूच नयेत; ते बँकेत किंवा सरकारी रोख्यांत वेगळे ठेवावेत, आणि उरले त्याचेच पाच वाटे करावेत.