शिक्षणाचे थकीत देणे

अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करणारे बहुतेक जण वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आले: ही मुले मागे का पडतात? उत्तरेही ठरलेली असत. घरची गरिबी, पालकांची अनास्था, भाषेची अडचण. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रश्नच फिरवला. ज्यांच्या हाताखाली हीच मुले उत्तम शिकतात, ते शिक्षक वर्गात नेमके करतात तरी काय?

लॅडसन-बिलिंग्ज यांचा जन्म १९४७चा, फिलाडेल्फियाचा. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या शिक्षणसंस्थेतून त्यांनी पदवी घेतली आणि फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांत सुमारे दहा वर्षे शिकवले. स्टॅनफर्डची पीएच.डी. १९८४ साली मिळाली, म्हणजे आधी खडू हातात आला आणि मग संशोधन. त्यांच्या लेखनातला वर्ग इतका खरा वाटतो, तो यामुळेच.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका गरीब वस्तीत त्यांनी पालकांना आणि मुख्याध्यापकांना वेगवेगळे विचारले, ‘तुमच्या मते चांगले शिक्षक कोण?’ मुख्याध्यापकांनी शिस्त, हजेरी आणि गुण पाहिले. पालकांनी पाहिले ते वेगळेच: शिक्षक आपल्याशी आदराने बोलतात का, आणि आपले मूल आपलेपण न गमावता शिकते का. दोन्ही याद्यांत असलेल्या शिक्षकांपैकी आठ जणी अभ्यासासाठी तयार झाल्या, पाच कृष्णवर्णीय आणि तीन गोऱ्या. एकीने मुलांच्या आवडत्या रॅप गाण्यांवरून कविता शिकवली. दुसरीने पालकांनाच वर्गात शिकवायला बोलावले. एक आई रताळ्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ करायला शिकवून गेली आणि त्या धाग्यावरून मुले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या रताळ्यावरील संशोधनापर्यंत पोहोचली. वीणा गवाणकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे कार्व्हर मराठी घराघरांत ओळखीचा आहे. त्या वर्गात तो एका आईच्या स्वयंपाकातून अवतरला.

या निरीक्षणांतून १९९४चे ‘द ड्रीमकीपर्स’ हे पुस्तक आणि पुढच्या वर्षी अशा अध्यापनाचा सिद्धान्त मांडणारा निबंध आला. मुलाने खरोखर शिकले पाहिजे, स्वतःच्या संस्कृतीत पाय रोवून उभे राहिले पाहिजे आणि अन्याय ओळखून त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे, अशा तीन अटी त्यात होत्या. पुढे अनेक शाळांनी दुसरी अट तेवढी उचलली, तीही सणावारापुरती. तिसरी सोयीने गळाली. २०१४च्या लेखात लॅडसन-बिलिंग्ज यांनी आपल्या सिद्धान्ताच्या या पातळ रूपावर स्पष्ट नाराजी नोंदवली.

त्यांची सर्वांत धारदार मांडणी मात्र २००६ची. अमेरिकेच्या शैक्षणिक संशोधन संघटनेच्या अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी गुणांमधल्या ‘दरी’ची भाषाच नाकारली. सरकारी हिशेबात एका वर्षाची तूट वेगळी आणि वर्षानुवर्षे साचलेले कर्ज वेगळे; शिक्षणातही हे साचलेले कर्जच आहे, असे त्यांचे म्हणणे. गुलामांना अक्षरबंदी होती. नंतर दक्षिणेतल्या काळ्या मुलांची शाळा शेतीच्या कामानुसार काही महिनेच भरे आणि हाती गोऱ्यांच्या शाळांतली जुनी पुस्तके येत. पैशांचे अंतर तर भाषणाच्या काळातही होते. फिलाडेल्फियात दर विद्यार्थ्यामागे ९,२९९ डॉलर खर्च होत होते, तर शेजारच्या, बहुसंख्य गोऱ्या लोअर मेरियनमध्ये १७,२६१. हे अंतर ठेवून मुलांच्या गुणपत्रिका तपासत बसणे अन्यायाचेच आहे.

हा हिशेब मराठी वाचकाला परका नाही. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते: सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. दोघांनीही मुलांच्या कुवतीआधी तिजोरीकडे बोट दाखवले.

करोनाकाळात शाळा बंद पडल्या, तेव्हा सगळे ‘पूर्ववत’ होण्याची वाट पाहत होते. २०२१च्या लेखात लॅडसन-बिलिंग्ज यांनी त्यालाच विरोध केला, कारण वंचित मुलांच्या अडचणी त्या पूर्वस्थितीतच होत्या. तंत्रज्ञानापासून अभ्यासक्रम, मूल्यमापन आणि पालकांशी असलेल्या नात्यापर्यंत सगळ्याची नव्याने मांडणी करा, अशी त्यांची मागणी होती.